दोन इंचांची नळी

"असली वस्तू इथं मिळत नाही गं. परदेशात मिळते," असं म्हणून स्टुडिओवाल्या बाळाकाकांनी मासिकातलं चित्र माझ्याकडे परत सरकवलं. तेवढ्यात माझ्या खांद्यामागून कुणीतरी म्हणालं, "ही? ही तर साधी नळी आहे."

मी वळून बघितलं. माझ्याहून एखाद वर्षानं मोठा असेल. सावळा, खाकी शर्ट, बाहीवर ऑईलचा डाग, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला बाळाकाकांच्या ट्रायपॉडचा स्क्रू. तो त्या चित्राकडे असा बघत होता... भुकेला माणूस ताटाकडे बघतो ना, तसा.

"साधी नळी नाही ती," मी म्हटलं. "एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात तिला. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवतात. मग लेन्स पुढे सरकते आणि अगदी जवळचं, बारीकसारीक मोठं दिसतं. मुंगीचं तोंडसुद्धा."

"आत काच असते?"

"नाही. आत काहीच नसतं."

"मग नळीच ना," तो हसला. "दोन्ही तोंडांना आटे पाडायचे. एकीकडे कॅमेरा फिरवून बसवायचा, दुसरीकडे लेन्स. लेथ मशीनवर काढून देतो मी. साकीनाक्याला काम करतो."

"तुळशी, उगाच हवेत बाता मारू नकोस," बाळाकाका म्हणाले. "उत्तरा, ऐकू नकोस ह्याचं."

पण मी ऐकलं. कारण आमच्या मागच्या अंगणातल्या कढीपत्त्यावर फुलपाखरानं अंडी घातली होती. मोहरीच्या दाण्याहून लहान, पिवळसर, गोल. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सगळे पाण्याचा पंप नाहीतर ज्वालामुखी करणार होते, आणि मला त्या अंड्याचा फोटो लावायचा होता. मोठ्ठा. असा, की बघणाऱ्याला वाटावं चंद्रच आहे. अंडं चार-पाच दिवसांत फुटतं आणि आईला दिवसातून दोनदा फोडणी घालायची असते, त्यामुळे मी त्या फांदीला लाल दोरा बांधून ठेवला होता.

"मापाला लेन्स लागेल," तुळशी म्हणाला. "आटे जुळायला हवेत. नुसत्या चित्रावरून नाही जमणार."

आता खरं म्हणजे इथंच मी "बरं, बघू" म्हणून घरी जायला हवं होतं. कॅमेरा भाऊंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. फोटो काढायला त्यांनीच मला शिकवलं, पण एक नियम होता – लेन्स काढायची नाही. भाऊ ऑफिसच्या कामाला नागपूरला गेले होते, शनिवारी दुपारी येणार होते. आणि रविवारी सकाळी मुलुंडला माझ्या मावसभावाची, नंदूची मुंज. आमच्या आख्ख्या गोतावळ्यात कॅमेरा एकच, त्याला लेन्स एकच, आणि मावशीनं तर पत्रिकेबरोबरच भाऊंना बजावलं होतं – मातृभोजनाचा फोटो हुकता कामा नये.

पण दिवाळीनंतरच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता, आणि तेव्हापासून मला सगळंच जमतं असं मला वाटायला लागलं होतं. मी तिथंच, बाळाकाका आत गेले असताना, पिशवीतल्या कॅमेऱ्याची लेन्स फिरवून काढली. रुमालात गुंडाळली. त्याच्या हातावर ठेवली.

त्यानं ती दोन्ही हातांत घेतली. प्रसाद घेतात तशी.

"परवा, बुधवारी पाच वाजता," तो म्हणाला. "इथंच."

घरी जाताना शेजारच्या माणिकला सगळं सांगितलं. माणिक माझ्याच वर्गात, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे असं तिचं म्हणणं.

"नाव काय त्याचं?"

"तुळशीदास. वेसाव्याचा आहे. वडील मासेमारीला जातात, हा मशीनवर लागलाय."

"आडनाव?"

ते मी विचारलंच नव्हतं.

"साकीनाक्याला कुठं? कुठलं वर्कशॉप?"

तेही नाही.

"वाट लागली," माणिक म्हणाली. "दिसायला बरा असणार. नाहीतर तू इतकी मठ्ठ नाहीस."

बुधवारी पाचला तो आला नाही. सव्वापाच. साडेपाच. सहाला बाळाकाका शटर ओढायला लागले. "तो होय? असेल साकीनाक्याला कुठंतरी. तिथं दोनशे वर्कशॉपं आहेत, कुठलं म्हणून सांगू? तुला काय काम होतं?" मी म्हटलं, काही नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी कपाट उघडलं. लेन्सशिवाय कॅमेरा कसा दिसतो माहितेय? पुढचा दात पडलेल्या माणसासारखा. मी कपाट बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. आई रोज मुलुंडला मावशीकडे लाडू वळायला जायची आणि दमून यायची, तरी तिच्या लक्षात आलं. "जेवत का नाहीस गं? परीक्षेची धास्ती?" मी हो म्हटलं. आणि सगळ्यात वाईट काय, तर मला नुसती लेन्सची काळजी वाटत नव्हती. तो लबाड निघाला तर... तर लेन्स गेल्यापेक्षाही मला जास्त वाईट वाटणार होतं. हे काय नवीन, असं मी स्वतःलाच विचारलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी आणि माणिक पुन्हा गेलो. तो स्टुडिओच्या पायरीवर बसला होता. मला बघून उभा राहिला, इतक्या घाईनं की डोकं पाटीवर आपटलं.

"काल–" तो म्हणाला.

"काल काय? काल मी इथं तासभर उभी होते. मला वाटलं तुम्ही... तू..."

"पळालो?"

माणिक म्हणाली, "हो, तसंच वाटलं."

"पहिली नळी केली ती बिघडली," तो खाली बघत म्हणाला. "आटे बसत होते, पण खडखडत होते. चालली असती. पण तुला तसली कशी देऊ? मग शेटची विनवणी केली, मशीन मोकळं झालं तेव्हा दुसरी केली. दुपारी संपली." त्यानं पिशवीतून रुमालाची पुडी काढली. रुमाल माझाच, पण धुतलेला. आत भाऊंची लेन्स, तशीच्या तशी. आणि शेजारी दोन इंचांची अॅल्युमिनियमची नळी. आतून काळा रंग दिलेली, बाहेरून अशी चकचकीत की त्यात माझं नाक वाकडं दिसत होतं.

"उजेड आत उड्या मारू नये म्हणून काळी केली," तो म्हणाला. "बरोबर ना?"

मासिकात हेच लिहिलं होतं. मी त्याला सांगितलं नव्हतं. मी नुसतं बघत राहिले, म्हणजे नळीकडे... बरं, त्याच्याकडेसुद्धा.

"उद्या दुपारी येतोस?" माझ्या तोंडून निघालं. "फोटो काढताना कुणीतरी धरायला लागतं."

"काय धरायला?"

"फांदी," माणिक म्हणाली. "तू काय समजलास?"

शुक्रवारी दुपारी आई मुलुंडला. माणिक पहारेकरी म्हणून मागच्या पायरीवर शेंगा सोलत बसली. आंब्याला मोहोर आला होता, सगळ्या अंगणात त्याचा वास. तुळशी आला तो हात घासून आला होता, नखं पांढरी होईपर्यंत.

नळी लावली की सगळं जग बदलतं. लांबचं काहीच दिसत नाही. घर, झाड, पायरीवरची माणिक, सगळं दुधात विरघळल्यासारखं. फक्त लेन्सपासून चार बोटांवर जे असेल तेवढंच स्पष्ट, आणि तेही केसभर पुढेमागे झालं की गेलं. फोकस करायला रिंग फिरवून उपयोग नाही, आपणच पुढे झुकायचं, मागे यायचं. शिवाय उजेड चौपट कमी पोचतो, म्हणून शटर हळू, म्हणून हलायचं नाही. मी तुळशीला एका हातात फांदी धरायला सांगितली आणि दुसऱ्या हातात नंदूच्या मुंजीची पत्रिका, पांढरी पाठ उन्हाकडे करून, म्हणजे पानाच्या खालच्या अंगावर उजेड पडेल.

"श्वास घेऊ नकोस," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"आणि तू सांगायला विसरलीस तर?"

"तर माणिक तुझ्या घरी कळवेल."

"पत्ता कुठाय आपल्याकडे?" पायरीवरून माणिक म्हणाली.

तो हसला, फांदी हलली, आणि माझ्या समोरून अंडं गेलं. मी ते शोधायला कॅमेरा सरकवला आणि एकदम त्याचा अंगठा आला. इतक्या जवळून मी कुणाचाच अंगठा पाहिला नव्हता. त्यावर धातूचे कण उडून झालेले बारीक बारीक पांढरे व्रण होते, तांदळाच्या कण्यांसारखे. मी अंड्याकडे जायला हवं होतं. नाही गेले. थोडा वेळ तिथंच थांबले.

"सापडलं?" त्यानं श्वास कोंडून विचारलं.

"हं... थांब. हलू नकोस."

मग अंडं सापडलं. खरंच चंद्र. पिवळा, आणि त्यावर पुसट तपकिरी डाग. मी आठ फोटो काढले. आठव्यानंतर "आता घे श्वास" म्हटलं, आणि आम्ही दोघांनी एकदमच सोडला.

तिथपर्यंत सगळं झकास होतं.

मग मी नळी कॅमेऱ्यावरून फिरवून काढली. निघाली. लेन्स नळीतून काढायला गेले – निघेना. जोर लावला. निघेना. तुळशीनं घेतली, त्यानं फिरवली, त्याच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. ऊन पाण्यात बुडवलेला कपडा नळीवर गुंडाळला, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पकड घेतली. निघेना. नळी लेन्सला चिकटूनच राहिली, तर ती लेन्स मुंजीत काय दाखवणार? मुंजाचा अंगठा.

"आटे धरले," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक. "अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम, कोरडं... धरतं ते. बोटभर ग्रीस लावायला हवं होतं."

"मग लावलं का नाहीस?"

"लावलं होतं." तो नळीकडे बघत राहिला. "आमच्या होडीवर एक नट ग्रीसशिवाय चढत नाही, लहानपणापासून हेच काम माझं. लावलं होतं मी. मग निघताना वाटलं, तुझे हात काळे होतील... म्हणून पेट्रोलनं धुऊन टाकलं. दोनदा."

माणिकच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. आत काहीतरी गोड हललं, आणि त्याच्याच बरोबर भाऊंचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"मला दे," तो म्हणाला. "वर्कशॉपला नेऊन नळी कापतो. सकाळी आणून देतो."

"नाही."

"उत्तरा, मी–"

"नाही म्हटलं ना. पुन्हा लेन्स हातातून देणार नाही. बुधवारी तू आलास का? उद्या दुपारी भाऊ येतील. तू नाही आलास तर मी काय करू?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पत्रिका पायरीवर ठेवली, पिशवी उचलली आणि गेला. मला हाक मारायची होती. मारली नाही.

"तू मठ्ठच आहेस," माणिक म्हणाली. पण हळू म्हणाली.

शनिवारी भाऊ आले. आई पुन्हा मुलुंडला गेली होती. जेवण झालं, भाऊ वामकुक्षी करून उठले आणि म्हणाले, "उत्तरा, कॅमेरा काढ गं. उद्याची तयारी करू."

मी कॅमेरा आणला. आणि दुसऱ्या हातात नळीत अडकलेली लेन्स. मी ठरवलं होतं खरं सांगायचं. पण तोंड उघडलं आणि अर्धंच खरं बाहेर आलं. "भाऊ, मी तुम्हाला न विचारता लेन्स काढली. फुलपाखराच्या अंड्यासाठी. ही नळी... बाळाकाकांच्या स्टुडिओतून आणली."

तुळशीचं नाव मी मुद्दाम गाळलं. साकीनाक्याचा अनोळखी मुलगा, अंगणात, आई घरी नसताना – मला वाटलं, मी त्याला वाचवतेय.

भाऊ ओरडत नाहीत. गप्प होतात. ते जास्त वाईट. त्यांनी लेन्स फिरवून बघितली, नळी बघितली, आणि उठून सदरा घालायला लागले. "बाळाला विचारतो. शाळकरी पोरीच्या हातात असली वस्तू देतो म्हणजे काय."

"भाऊ, नको–"

"का नको?"

आणि दार वाजलं. दारात तुळशी. इस्त्रीचा शर्ट, काखेत तीच पिशवी.

"काका," तो म्हणाला. "ती नळी मी केलीय. अडकली ती माझ्या चुकीनं. उत्तरा लेन्स द्यायला तयार नाही, बरोबरच आहे तिचं. म्हणून करवतच घेऊन आलो. इथं, तुमच्यासमोर कापतो."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "स्टुडिओतून आणली म्हणालीस."

मला बक्षीस मिळालं होतं ते 'सत्याची कास' ह्या विषयावर. त्यातलं एक वाक्य आठवेना. "खोटं बोलले," मी म्हटलं. "बाळाकाकांचा काही संबंध नाही. लेन्स मीच काढून ह्याच्या हातात दिली, ओळखपाळख नसताना. ह्यानं मागितली नसती तरी दिली असती बहुतेक. आणि काल हा इथं आला होता, मीच बोलावलं होतं. माणिक होती."

भाऊ खुर्चीत बसले. बराच वेळ नळीवरचे आटे बोटानं चाचपत राहिले.

"कापताना करवत लेन्सला लागली तर?" त्यांनी तुळशीला विचारलं.

"केसभर जास्त गेली तर लेन्सचे आटे जातील, काका. खोटं नाही सांगत."

"म्हणजे उद्या मुंजीला काही नाही."

"काही नाही."

भाऊ माझ्याकडे वळले. "तू ह्याचं काम पाहिलंयस. मी नाही. भरवसा आहे तुझा ह्याच्या हातावर?"

खोली एकदम लहान झाली. तुळशी माझ्याकडे बघत नव्हता, करवतीकडे बघत होता. काल मी नाही म्हटलं होतं. पण चालून गेली असती तशी पहिली नळी ह्यानं टाकून दिली होती, आणि आज कुणी बोलावलं नसताना भाऊंच्या समोर येऊन उभा होता.

"आहे," मी म्हटलं. स्पर्धेतला खणखणीत आवाज नव्हता तो. अगदी एवढासा होता.

भाऊंनी लेन्सच्या दोन्ही काचांवर ओला फडका बांधला आणि ती दोन्ही हातांत घट्ट धरली. तुळशी जमिनीवर गुडघे टेकून बसला. "उत्तरा," तो म्हणाला, "भिंग आण. मला करवतीच्या मागचं दिसत नाही. तू बघ आणि सांग. आटे दिसले की लगेच सांग."

मी भिंग घेऊन वाकले. करवतीचं पातं दोऱ्याएवढं. किर्र... किर्र... चांदीसारखा भुसा फडक्यावर पडायला लागला. त्यानं इतक्या निगुतीनं चकचकीत केलेल्या नळीवर चर पडत गेली. माझ्या कपाळावरचा घाम भिंगावर पडला, मी तो ओढणीनं पुसला.

"अजून," मी म्हटलं. "अजून... थोडं. हळू. अजून एक..."

चरीच्या तळाशी लेन्सच्या आट्याची काळी रेघ चमकली.

"थांब."

तो थांबला. अर्धवट ओढलेला हातसुद्धा त्यानं परत नेला नाही, होता तिथंच थांबला. मग चरीत स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं, डोळे मिटले आणि पिळलं. टिक् असा आवाज झाला. नळी उकलली. लेन्स भाऊंच्या हातात सुटी.

भाऊंनी आटे भिंगातून एकदा पाहिले, फिरवून पुन्हा पाहिले. लेन्स कॅमेऱ्यावर चढवली आणि खिडकीतून बाहेर बघितलं.

"डोंगर दिसतोय," ते म्हणाले. "स्वच्छ." मग कॅमेऱ्यावरचा आकडा पाहिला. "अंड्याचे किती काढलेस?"

"आठ."

"म्हणजे छत्तीसच्या रोलमधले मुंजीला अठ्ठावीस उरले." त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. "तुझ्याशी मी उद्या बोलेन. मुंज झाल्यावर. सविस्तर. आणि ह्या मुलाला चहा दे, अजून जमिनीवरच बसलाय तो."

चहा पिताना भाऊंनी विचारलं, वडिलांची होडी कितीची, इंजिन कुठलं, तुळशीनं सांगितलं. उद्याच्या बोलण्याच्या धास्तीनं माझा चहा निवून गेला. मग तो उठला आणि मी फाटकापर्यंत गेले. भाऊंनी अडवलं नाही, पण खिडकीही सोडली नाही.

"काल मी नको ते बोलले," मी म्हटलं.

"बरोबर बोललीस. बुधवारी निरोप तरी पाठवायला हवा होता मी." त्यानं फाटकाची कडी काढली, पुन्हा लावली. "दुसरी नळी करतो. ह्या वेळी ग्रीस लावून. महिना लागेल."

"महिना? पहिली तर तीन दिवसांत केलीस."

"हो... पण तीन दिवसांत दिली तर मग..." त्याचे कान लाल झाले होते. "मग मला इथं यायला काही कारण उरणार नाही ना."

खिडकीत भाऊ होते. उद्याची भीती जशीच्या तशी होती, आणि तरी मला हसू आवरेना.

"तू ये," मी म्हटलं. "नळी झाली नाही तरी ये. आणि भाऊ घरी असताना ये... पुढच्या दारानं."

त्यानं मान हलवली. मग फाटक उघडून गेला, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत तीनदा मागं वळून बघितलं. मी मोजलं. मग आत गेले, कारण भाऊ खिडकीतून म्हणत होते, "उत्तरा, आता उद्याची वाट कशाला बघायची? ये, बस इथं."